पाऊस आधी अंदमानात येतो

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या सास्तुरात एक बातमी कान देऊन ऐकली जाते. नैऋत्य मोसमी वारे अंदमानात दाखल झाले. पूर्वी ती आकाशवाणीवरून यायची, आता मोबाइलवर येते. वडील असेपर्यंत सकाळच्या प्रादेशिक बातम्यांना आमच्या ओसरीवर चार-पाच माणसं जमायची. राजकारणाच्या बातम्या चालू असताना तंबाखू मळणं, बोलणं चालायचं. हवामानाचा भाग लागला की सगळे गप्प. अंदमानचं नाव निघालं की वडील बोटांवर हिशेब मांडायचे. केरळात एक तारखेला, कोकणात आठवडाभरानं, आपल्याकडं मृग निघाल्यावर. त्याच दिवशी तिफणीचे फण लोहाराकडं पाजवायला जायचे.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. अंदमान हे पावसाचं माहेर आहे, तिथून तो निघतो आणि मजल-दरमजल करत आमच्या रानात पोचतो, अशी माझी समजूत होती. तिथं माणसं राहतात, तुरुंग आहे, हे पुढं कळलं. इतिहास शिकवायला लागल्यावर तर अंदमान माझ्यासाठी सेल्युलर जेलपुरतंच उरलं. पावसाचं अंदमान आणि तुरुंगाचं अंदमान ही दोन्ही एकच जागा आहे हे अंगाला कळायला मला दोन वेळा तिथं जावं लागलं. एकदा चुकीच्या महिन्यात, एकदा बरोबर.

दुसऱ्यांदा जाऊन आल्यापासून लोक मला एकच विचारतात, "गुरुजी, अंदमानला कधी जावं?" विचारणारे बहुतेक नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक, ग्रामसेवक, नाहीतर पोराला नोकरी लागली म्हणून जरा मोकळे झालेले शेतकरी. त्यांना एका शब्दात महिना सांगता येतो. पण तो महिना कसा ठरला, त्यासाठी कुणी काय मोजलं, ते मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या मुलखाला समुद्र माहीत नाही. पाणी बघायला जायचं तर नळदुर्ग. बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला तो बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, आणि पाऊस चांगला झाला की त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे. नळदुर्गला माणूस पावसाळ्यातच जातो, उन्हाळ्यात तिथं कोरडा दगड. त्यामुळं पाणी बघायचं तर पावसात जावं हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. समुद्राचं गणित याच्या उलटं असतं, हे मला पहिल्यांदा मालवणच्या सहलीत कळलं.

शाळेची सहल एसटीनं जायची, आणि ती कायम डिसेंबर-जानेवारीत निघायची. सहामाही परीक्षा झालेली, थंडी पडलेली. आमच्या पोरांनी समुद्र बघितला तो मालवणच्या किनाऱ्यावर. सातवीतल्या एका मुलानं ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घातलं, थुंकलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "गुर्जी, हितकं मीठ कुणी टाकलं?" मी हसलो नाही, कारण पहिल्यांदा मीही तेच केलं होतं. होडीतून सिंधुदुर्गात जाताना म्हाताऱ्या होडीवाल्यानं सांगितलं, "पावसाळ्यात आमी होडी वर ओढून झापांनी झाकून ठेवतो. किल्ल्यात राहाणाऱ्यांनी सामान आधीच भरून ठेवायचा." शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. मुलांना मी ही तारीख अनेक वर्षं पाठ करायला लावली होती. त्या होडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तारखेतला महिना मी कधी वाचलाच नव्हता. नोव्हेंबरअखेर म्हणजे दर्या निवलेला, आणि पुढच्या पावसापर्यंत सहा महिने दगड, चुना, शिसं वाहायला मोकळे.

त्यानंतर मी समुद्रावरच्या तारखांचे महिने बघायला लागलो. १६७९ साली मराठ्यांनी खांदेरी बेट घेतलं. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोरचं हे छोटं बेट, मुंबई बंदराच्या तोंडावर बसलेलं. मायनाक भंडारी दीडशे माणसं घेऊन तिथं उतरला तो ऑगस्टच्या अखेरीला. पावसाळा सरत आलेला, पण समुद्र अजून पुरता शांत नाही. मुंबईकर इंग्रज गलबतं काढून अडवायला आले तेव्हा बेटावर तटबंदीचं काम सुरू झालं होतं. सप्टेंबरात एक चकमक झाली, १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली, पण खांदेरी मराठ्यांकडंच राहिली. माझ्या मते त्या मोहिमेचं अर्धं यश महिना निवडण्यात आहे. शत्रूला समुद्र अजून बंद वाटत असताना आपल्या कोळी-भंडाऱ्यांना तो उघडता येतो, हे ज्याला ठाऊक होतं त्यानं तो महिना निवडला.

किनाऱ्यावरच्या माणसांनी ही गोष्ट सणातच बांधून टाकली आहे. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग होडी पाण्यात लोटायची. आता सरकारी नियमानं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, पण त्या नियमाच्या कितीतरी आधीपासून हा नारळ होता. आणि हा हिशेब मोडला की काय होतं ते १७ जुलै १९४७ ला दिसलं. भर आषाढातली अमावास्या, 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडून बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बरीचशी सणाला घरी निघालेली होती.

एवढं सगळं वाचून, शिकवूनही मी स्वतः चुकलोच. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. बायको म्हणाली, "अहो, आयुष्यभर पोरांना अंदमान शिकवलंत, एकदा बघून तरी येऊ." शिक्षकाला सुट्टी मे महिन्यात. शेतातही मे महिन्यात काम नसतं, रान नांगरून पडलेलं असतं. एका प्रवासी संस्थेनं सांगितलं की या दिवसांत दर निम्म्यावर येतात. दर निम्म्यावर का येतात हे मी विचारलं नाही. २८ मे ही सावरकरांची जयंती तिथंच साजरी होईल या विचारानं मी हरखून गेलो होतो. आठ दिवसांतले चार दिवस आम्ही खोलीत बसून काढले. पाऊस असा की समोरचं माडाचं झाड दिसेना. हॅवलॉकची, म्हणजे आता स्वराज द्वीप म्हणतात त्याची बोट दोन वेळा रद्द झाली. रॉस बेट समोर दिसत होतं, मधे पाण्याची एवढीशी पट्टी, पण होडी सुटेना. जेलमधला संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रमही पावसानं बंद. बायकोनं गावी फोन लावला तेव्हा भाऊ आनंदानं सांगत होता, "रेडिओला सांगितलं, अंदमानात पाऊस लागला म्हणून. औंदा टायमावर येणार." आम्ही त्याच पावसात बसलो होतो.

अंदमानला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडं सातशे-आठशे पडला तर साल चांगलं म्हणायचं. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नैऋत्येचा पाऊस, आणि तो जरा थांबतो न थांबतो तोच ईशान्येचा वारा नोव्हेंबर-डिसेंबरात उरलेला पाऊस घेऊन येतो. खरा कोरडा काळ जानेवारी ते मार्च. एप्रिलपासून उकाडा आणि वादळाची धास्ती. आता हे फोनवर अर्ध्या मिनिटात समजतं. पण ते समजून घेताना त्या बेटांवर माणसं मेली आहेत, आणि मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

इंग्रजांची पहिली वसाहत १७८९ च्या सप्टेंबरात चॅथम बेटावर बसली. आर्चिबाल्ड ब्लेअर या आरमारी अधिकाऱ्यानं जागा नेमकी निवडली होती. तीन वर्षांनी वरिष्ठांच्या हुकमानं ती ईशान्येकडच्या दुसऱ्या बंदरात हलवली. तिथल्या दमट हवेत ताप आणि मरणं इतकी वाढली की १७९६ मध्ये सगळं गुंडाळून परत जावं लागलं. पुढं साठ वर्षं तिकडं कुणी वस्ती केली नाही.

मग सत्तावन्न आलं. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर जेम्स वॉकर कलकत्त्याहून २०० बंदी घेऊन त्याच चॅथमवर उतरला. मार्च हा आज पर्यटकांना सांगितला जाणारा महिना. समुद्र शांत, आभाळ निरभ्र. पण कोरड्या दिवसांत त्या एवढ्याशा बेटावर प्यायला पाणी पुरेना. म्हणून मुक्काम समोरच्या रॉस बेटावर न्यावा लागला. तिथं बंद्यांकडून जंगल तोडून घेतलं जात असतानाच पावसाळा येऊन थडकला. डोक्यावर धड छप्पर नाही, पायात बेड्या, अंगावर जळवा. कितीतरी जण पळाले, जंगलात मेले, पकडले गेलेल्यांतल्या ऐंशीहून जास्त जणांना वॉकरनं फासावर दिलं. पाऊस यायची वाट बघत बसलेल्या माझ्या गावाला हे वाचून दाखवावंसं मला वाटतं. जो पाऊस आपल्याला जगवतो, तो अंदमानात तेव्हा माणसं मारत होता.

त्या बंद्यांत आमच्याकडचंही एक नाव आहे. १७ जुलै १८५७ ला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्याचे पुढारी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन. अलाउद्दीन यांना १८५९ मध्ये अंदमानला पाठवलं, तिथून ते परत आले नाहीत. नळदुर्गचा आमचा मुलूख १८५३ च्या तहानं काही वर्षं इंग्रजांकडं गेला होता, तो १८६० मध्ये निजामाकडं परत आला आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथंच राहिला. म्हणजे हैदराबाद ही आमची राजधानी. मराठवाड्याच्या शाळांत अंदमान म्हटलं की मौलवींचं नाव कुणी घेत नाही. मी घेत असे.

महिना निवडायचा अधिकार कुणाकडं होता, हे दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो अंदमान बघायला आला तो फेब्रुवारी १८७२ मध्ये. तिथल्या वर्षातला सगळ्यात कोरडा, सगळ्यात निर्मळ महिना. ८ तारखेला संध्याकाळी तो माउंट हॅरिएटच्या डोंगरावर सूर्यास्त बघायला चढला. खाली होपटाउनच्या धक्क्यावर उतरला तेव्हा अंधार पडला होता, आणि तिथं शेर अली आफ्रिदी या बंद्यानं सुरा चालवून त्याला ठार केलं. दुसरी तारीख ४ जुलै १९११. त्या दिवशी 'महाराजा' बोटीतून विनायक दामोदर सावरकर पोर्ट ब्लेअरला उतरले. मद्रासहून निघालेली बोट, खवळलेला उपसागर, भर पावसाळा. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासूनच त्या तुरुंगात होते. व्हाइसरॉयसाठी आभाळ बघून महिना ठरला. पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन आलेल्या माणसाला कुणी पंचांग विचारलं नाही.

आणि पाऊस संपला म्हणून समुद्र मोकळा झाला, असंही तिथं होत नाही. १२ नोव्हेंबर १८४४ च्या रात्री चक्रीवादळानं 'ब्रिटन' आणि 'रनीमेड' ही सैनिकांनी भरलेली दोन जहाजं अंदमानच्या एकाच बेटावर नेऊन आदळली. २ नोव्हेंबर १८९१ ला 'एंटरप्राइज' हे सरकारी जहाज पोर्ट ब्लेअरच्या तोंडाशी फुटलं. जवळच बायकांचा तुरुंग होता. तिथल्या बंदी बायका वादळात किनाऱ्यावर आल्या, एकमेकींचे हात धरून पाण्यात साखळी केली आणि जिवंत राहिलेल्या मोजक्या खलाशांना बाहेर ओढलं. समोरचा माणूस बुडतोय एवढं त्यांना पुरे होतं. मुलींच्या शाळेत मी ही गोष्ट दरवर्षी सांगायचो.

या सगळ्यांच्या कितीतरी हजार वर्षं आधीपासून तिथं राहणाऱ्यांना मात्र आपली बेटं पाठ होती. रॅडक्लिफ-ब्राउन हा अभ्यासक १९०६ ते १९०८ या काळात अंदमानी लोकांत राहिला. त्यानं लिहून ठेवलं आहे की त्यांच्याकडं वर्षाचे भाग फुलांच्या वासांवरून ओळखले जात. अमुक झाडाला, अमुक वेलीला फूल आलं, रानात त्याचा वास दरवळला की तो काळ सुरू झाला. मधाचे दिवस कोणते, शिकारीचे कोणते, हे नाकाला कळायचं. हे वाचताना मला वडिलांची बोटं आठवली. मृग, आर्द्रा, पुनर्वसू. नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की मेंढा यावरून ते पावसाचा अंदाज बांधायचे. नाकानं वर्ष ओळखणाऱ्या त्या लोकांच्या जमिनीवर तुरुंगाची वसाहत उभी राहिली. १७ मे १८५९ ला त्यांनी अॅबर्डीनला तिच्याशी लढाई दिली. बंदुकांपुढं धनुष्यबाण टिकले नाहीत. आज त्या अंदमानी कुळांची मोजकी माणसं उरली आहेत.

निवृत्त झाल्यावर आम्ही दुसऱ्यांदा गेलो, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्याच खोल्या, तेच माडाचं झाड, पण पान हलत नव्हतं. सेल्युलर जेलचं काम १८९६ ला सुरू होऊन १९०६ ला संपलं. सात पंख होते, आता तीन उरलेत. सावरकरांच्या कोठडीपाशी गर्दी असते, मी एका बाजूच्या रिकाम्या कोठडीत जाऊन बसलो. साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद. मागच्या भिंतीत वर, तीन मीटरवर, गजांचा झरोका. बसून बघितलं तर आभाळाचा एक तुकडा, दुसरं काही दिसत नाही. समुद्र शंभर पावलांवर आहे पण दिसत नाही. मागच्या वेळी, मे महिन्यात, मी अशाच कोठडीत उभा होतो तेव्हा झरोक्यातून पाण्याचे शिंतोडे येत होते आणि भिंतीला हात लावला तर ओल लागत होती. यावेळी भिंत कोरडी होती, चुन्याची पूड बोटाला लागली. आत बसलेल्याला वर्षाचा हिशेब एवढ्यावरच करावा लागला असेल. भिंत ओली, भिंत कोरडी. सावरकर बंधूंनी अशी भिंत कितीदा ओली आणि कोरडी झालेली पाहिली असेल. १९२१ च्या मे महिन्यात त्यांना हिंदुस्थानात परत आणलं, म्हणजे पुन्हा पाऊस तोंडावर असताना.

यावेळी रॉस बेटाची होडी लगेच मिळाली. बेटाला आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. चर्च, बेकरी, साहेबांचा क्लब, सगळ्याच्या भिंती उभ्या आहेत आणि छप्परं नाहीत. वडा-पिंपळाच्या मुळ्या भिंतींवरून अशा उतरल्यात की मूळ कुठलं आणि वीट कुठली कळत नाही. बायको एका भिंतीजवळ थांबली. कोपऱ्यापासून तिरकी फाटलेली भिंत. ती म्हणाली, "ही पावसानं नाही पडली." तिला सांगावं लागलं नाही. सास्तूरच्या माणसाला भूकंपाची भेग ओळखता येते. २६ जून १९४१ ला तिथं मोठा भूकंप झाला. त्यानं रॉसवरच्या इमारती खिळखिळ्या झाल्या, जेलच्या मधल्या मनोऱ्याचंही नुकसान झालं. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये जपानी सैन्य उतरलं आणि इंग्रजांचं रॉस कायमचं मोडलं.

आमचा दिवस ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन उरकून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर फूट-दीड फूट मातीचं माळवद, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार असं आमचं घर. ते माळवद बसलं. आई त्याखाली गेली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची मिळून ५२ गावं जमीनदोस्त झाली. पाऊसपाणी त्या वर्षी चांगलं होतं, तूर फुलावर यायची होती, रानात कुठंही काही वाईट दिसत नव्हतं.

रॉसच्या त्या भिंतीपाशी बसून मी बायकोला दुसरी तारीख सांगितली. २६ डिसेंबर २००४. नाताळाच्या सुट्ट्या, बेटं पर्यटकांनी भरलेली, रविवार, मार्गशीर्ष पौर्णिमा. कुणालाही विचारलं असतं तर अंदमानला जायला याहून चांगला आठवडा नाही असंच सांगितलं असतं. सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुमात्राजवळ समुद्रतळ हलला आणि थोड्याच वेळात निकोबारच्या किनाऱ्यांवर लाट चढली. कार निकोबारचा हवाई तळ उद्ध्वस्त झाला. देशाचं दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खचली, तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. छोट्या अंदमानातले ओंगे आदिवासी मात्र जमीन हलताच आणि पाणी ओसरताच उंच जागी निघून गेले. समुद्र असा वागला की डोंगराकडं पळायचं, हे त्यांच्या म्हाताऱ्यांनी पिढ्यानपिढ्या सांगितलं होतं. आमच्याकडं १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात किल्लारी भागात धक्क्यांवर धक्के बसत होते. त्याचा अर्थ सांगणारं आमच्यात कुणी नव्हतं.

वाऱ्या-पावसाला ऋतू आहे. जमीन हलायला नाही. म्हणून बेटावर जाताना महिना निवडायचाच, पण तो निवडला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. मी आता कुठंही उतरलो की पहिल्या संध्याकाळी उंच जागा कुठं आहे आणि तिथवर वाट कशी जाते ते पायी जाऊन बघून येतो. बायकोही बरोबर येते.

आता विचारणाऱ्यांसाठी. मे महिन्यात जाऊ नका, दर कितीही उतरलेले असोत. मुलांच्या शाळेमुळं दुसरी सुट्टी नसेल तर एक वर्ष थांबा. दिवाळीनंतर लगेच जाणाऱ्यांनी नोव्हेंबर १८४४ आणि नोव्हेंबर १८९१ लक्षात ठेवावेत. डिसेंबर २०१६ मध्येही वादळी हवेत हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक अडकले होते, नौदलाला जहाजं पाठवून त्यांना सोडवावं लागलं. शिवाय डिसेंबर-जानेवारीत आपली येळवस असते. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला रानात कडब्याची कोप करून, पांडव पूजून, भज्जी आणि आंबिल घेऊन बसायचं सोडून लातूर-धाराशिवच्या माणसानं दुसरीकडं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी सरत आला की रब्बीची ज्वारी काढणीला येते, मग घरातून कुणाचाही पाय निघत नाही. तोवर समुद्र शांत असतो, आभाळ स्वच्छ असतं आणि सास्तूरहून उमरग्याला जाऊन हैदराबादची गाडी धरली की तिथून विमान मिळतं.

तेव्हा येळवशीचं आंबिल पिऊन निघा, आणि ज्वारी काढणीला यायच्या आत परत या.